आखाड्यातून कचेरीत

नात : आबा, गुडघा गेला. आता मल्लखांब संघटनेचं चिटणीसपद घे म्हणतात. म्हणजे माझा खेळ संपलाच ना?

आबा : संपला कसा? बडोद्यात वाढलीस आणि कुवलयानंद ठाऊक नाहीत?

नात : योगवाले? लोणावळ्याचे?

आबा : लोणावळ्याचा आश्रम १९२४चा. त्याआधी ते आपल्या डभोईचे जगन्नाथ गणेश गुणे. १९०७ ते १९१० ही तीन वर्षं जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली घडले. माणिकरावांनी एकेकट्याचा व्यायाम सांघिक केला, आपल्या भाषेतले हुकूम देऊन मुलांच्या रांगा हलवल्या. हे आज कुणाला आठवतंय?

नात : पण गुण्यांनी कधी जोर-बैठका सोडून कागद धरले का?

आबा : ऐक तर. पुढे मालसरला माधवदासजींकडे योग शिकले. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्याच इस्पितळात नौली-उड्डियान या पोटाच्या योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, ते तपासलं. गुरूनं सांगितलं तेही पडताळून पाहायचं, ही त्यांची सवय.

नात : बरं. पण कागद?

आबा : १९३७ साली मुंबई सरकारनं शारीरिक शिक्षणाची समिती नेमली, अध्यक्ष हे. शिकवणाराच तयार नसेल तर शाळेत व्यायाम येणार कुठून? दुसऱ्याच वर्षी कांदिवलीला शिक्षक घडवणारी संस्था उभी राहिली. ज्यानं स्वतः घाम गाळलाय, त्यालाच कळतं नियमात काय राहून गेलंय. आणि माझं ऐक! बावीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवला, परीक्षा आली की माझा तास गणिताला. मैदानावर मांडव पडायचे, मुलं जिन्यात उभी. व्यायामाच्या मास्तरला कुणी विचारलं का कधी?

नात : आबा, मला एवढंच सांगा, खुर्चीत बसल्यावर त्यांना चुकल्यासारखं वाटलं नसेल?

आबा : त्यांच्या मनातलं मी कसं सांगू? मला वाटलं होतं. शेवटची अढी मारली त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

नात : मग?

आबा : मग दुसऱ्या दिवशी पोरांची अढी बघायला गेलो. कुणाची मांडी सैल, कुणाचा पंजा वाकडा, ते लांबूनच दिसायला लागलं. खांबावर असताना दिसत नव्हतं ते.

नात : चिटणीसाला आखाड्यात येऊ देतात?

आबा : किल्ली त्याच्याकडेच असते, वेडे. सकाळी सहाला उघड. आणि खांबाला एरंडेल आहे का बघ, परवा संपत आलं होतं.