आधी लांबी मोज

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस, “मामा, व्हॅल्यू स्क्रीनवर बरोबर दिसतेय, पण इफमध्ये जुळतच नाही.” मीही ह्यात एक अख्खी रात्र घालवली आहे.

तालुकेवार रिपोर्ट काढायचा प्रोग्राम होता. प्रत्येक तालुक्याची वेगळी फाईल, त्यात तालुक्याचं नाव असलेलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. लोहा, मुखेड नीट चालायचे. आपल्या कंधारचा रिपोर्ट कोरा. डेटाबेस पालथा घातला, काही सापडेना. शेवटी व्हॅल्यूच्या दोन्ही अंगांना चौकटी कंस घालून प्रिंट मारली, तर बंद होणारा कंस शब्दाच्या आधीच छापलेला! ती एकच फाईल विंडोजवर लिहून लिनक्सच्या सर्व्हरवर चढवली होती. ओळीअखेरचं कॅरेज रिटर्न व्हॅल्यूला चिकटलं होतं. ते दिसत नाही, पण कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवतं, म्हणून कंस तिथे उमटला. लांबी भरली १६ बाइट.

कंधारची १५ भरायला हवी. क, अनुस्वार, ध, काना, र अशी ५ चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट. म्हणून सी मध्ये १५ येतात आणि पायथनमध्ये ५, दोन्ही बरोबर. पण १० बाइटांवर कापलंस तर काना मधोमध तुटतो. आणि कुणी ‘कन्धार’ लिहिलं असेल तर वाचायला तेच गाव, तुलनेत मात्र वेगळी स्ट्रिंग.

तेव्हा व्हॅल्यू हातात आली की कंसात घालून लांबीसकट छाप, कडेची मोकळी जागा ट्रिम कर, मगच तुलना कर.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची व्हॅल्यू कायम स्ट्रिंगच असते, हे तर पक्कं धर. पायथनमध्ये ‘फॉल्स’ हा शब्द बूलला दिलास तर उत्तर ट्रू येतं, कारण स्ट्रिंग रिकामी नाही. शब्दाशी सरळ तुलना कर. व्हेरिएबल नसणं आणि ते रिकामं असणं ह्यांतही फरक ठेव.

सी मध्ये व्हेरिएबल वाचणाऱ्या गेटएन्व्हने दिलेल्या पॉइंटरवर स्ट्रिंगचे तुकडे करणारं स्ट्रटोक थेट चालवू नकोस, माय. पाथचे तुकडे करताना ते पहिल्या कोलनच्या जागी शून्य बसवतं. पुन्हा पाथ वाचलास तर पहिलीच डिरेक्टरी मिळते, आणि तिथून सुरू केलेल्या प्रोग्रामलाही तोच अर्धवट पाथ जातो. आधी कॉपी घे, तिचे तुकडे कर.

आज तुझी फाईल उघडून ओळी कशा संपतात ते बघ, आणि रात्री मला लांबीचा आकडा कळव.