मी रडते, तो गप्प असतो

प्रश्न : मी आणि नवरा दोघेही हिंजवडीत आयटीत आहोत. कामाचा ताण आला की मला रडू येतं, झोप उडते. तो काहीच बोलत नाही. हल्ली मात्र सारखा चिडतो, पिणंही वाढलंय. सासूबाई म्हणतात, बायकांचं मन नाजूकच. खरं आहे का?

उत्तर : नाही. नैराश्य स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दीडपट ते दुप्पट आढळतं हे खरं, पण ते मन नाजूक असल्यामुळे नव्हे. त्यात संप्रेरकांचा वाटा असतो, पण दिवसभराच्या ओझ्याचाही मोठा असतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं जात होती, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. ऑफिस सुटलं की तुमची दुसरी शिफ्ट सुरू होते. याला नाजूकपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

मला अधिक काळजी तुमच्या यजमानांची वाटते. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा चिडचिड आणि दारूच्या आड लपतं, म्हणून निदानच होत नाही. २०२२ मध्ये देशात आत्महत्या केलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त पुरुष होते. तो प्यायलेला नसताना, शांत वेळी त्याला सरळ विचारा, ‘जगणं नकोसं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही.

तुमची झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, तर तुम्हीही डॉक्टरांना भेटा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.