एकोणीस एक

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरावर सीताफळे पुष्कळ होतात. समजा, तुमच्याजवळ १२ सीताफळे आहेत. त्यांच्या सारख्या ओळी लावता येतील. चार-चारच्या तीन ओळी किंवा सहा-सहाच्या दोन. आता आणखी एक सीताफळ घ्या. १३ सीताफळे कशीही मांडा, एकच लांब ओळ होते. १३ ला १ आणि १३ यांशिवाय कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात.

आता ही संख्या पाहा : १११११११११११११११११११. हिच्यात एकोणीस वेळा १ आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अठरा स्थानांची नावे आहेत. शेवटचे नाव परार्ध. आपली संख्या त्याच्याही पुढची!

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांना अशा संख्यांचा मोठा नाद होता. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१. किती सुंदर! अशा संख्यांना त्यांनी ‘डेमलो संख्या’ हे नाव दिले. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनच्या नावावरून ते त्यांना सुचले होते.

पण आपली संख्या मूळ आहे का? ११ ही मूळ संख्या आहे. सहा एकांचे मात्र तीन-तीनचे दोन गट पडतात, म्हणून १११ ने भाग जातो. तेव्हा एकांची मोजणीच मूळ संख्येइतकी हवी. मग तीन एक? १११ = ३ × ३७. पाच एक? ४१ × २७१. सात एक? २३९ × ४६४९. अकरा, तेरा, सतरा एकांचेही तसेच. मग एकोणीस एकांनाही भाग जात असेल, असे वाटते ना? गणितात वाटून चालत नाही. तपासावे लागते.

या संख्येला भाग जात असेल, तर एक विभाजक सुमारे १०५ कोटींच्या आतच सापडला पाहिजे. इतक्या संख्या कोण तपासणार? पण वर पाहा. ४१ आणि २७१ ला ५ ने भागा. बाकी १. २३९ आणि ४६४९ ला ७ ने भागा. बाकी १. त्याच नियमाने येथे १९ ने भागून बाकी १ उरेल, असेच मूळ विभाजक शोधायचे. ते विषमही हवेत. म्हणजे ३८ संख्यांमागे एकच तपासायची. तरीही सुमारे पावणेतीन कोटी उरतात. गणितज्ञांनी आणखी युक्त्या लढवल्या आणि संगणक येण्यापूर्वीच सिद्ध केले, की एकोणीस एकांची ही संख्या मूळ आहे.

तेवीस एकांची संख्याही मूळ आहे. त्यानंतर थेट ३१७ एकांपर्यंत एकही नाही!

स्वाध्याय
१. १७ सीताफळांच्या सारख्या ओळी का लावता येत नाहीत?
२. नऊ एकांच्या संख्येला १११ ने भाग जातो का? करून पाहा.