शरद ऋतू आणि अंगणवाडीतली बारकी पोरं
(एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी)



आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. पाऊस ओसरतो, आभाळ निवळते, सकाळी गवतावर दंव दिसते. आणि शिवारात सुगी सुरू होते. भुईमूग उपटायचा, सोयाबीन काढायचे, बाजरीची कणसे खुडायची. मोठी माणसे उजाडताच रानात जातात. मग घरातले बारके पोर सांभाळायचे कुणी? थोरल्या बहिणीने. म्हणून या दिवसांत आमच्या वर्गात मुलींच्या रांगेत जागा मोकळ्या पडतात. धाकटे भावंड अंगणवाडीत रमले, तर बहीण शाळेत येऊ शकते. पण ते रमले तर ना! तास-अर्धा तास बसते, आणि मग भोकाड पसरते.

म्हणून बाईंनी आम्हा सातवीच्या मुलांना कार्यानुभवाच्या तासाला शेजारच्या अंगणवाडीत नेले. अंगणवाडीच्या ताईंबरोबर आम्ही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शरद ऋतूतले खेळ केले. त्यांची ही माहिती.

अंगणवाडीत ऋतूंचा एक छापील तक्ता आहे. त्यात शरद ऋतूच्या चौकटीत लाल-पिवळी पाने झाडावरून गळताना दाखवली आहेत. एका पोराने विचारले, "असलं झाड कुठाय?" प्रश्न बरोबर होता. ते चित्र थंड देशांतले. तिकडे सप्टेंबर ते नोव्हेंबरात दिवस लहान होतो, थंडी वाढते आणि झाडे पाने टाकतात. आपल्याकडचे साग, पळस पाने टाकतात ते पुढे उन्हाळ्याकडे, जमिनीतले पाणी आटू लागले की. आपला शरद हिरवा असतो. तेव्हा तक्ता भिंतीवरच राहू दिला आणि आम्ही बांधावर गेलो.

सगळ्यांत चांगला जमला तो पेरणीचा खेळ. घटस्थापनेला घरोघरी घटाभोवती धान्य पेरतात. तो घट देवाचा, त्याला पोरांनी हात लावायचा नाही. म्हणून आम्ही नारळाच्या करवंट्या घेतल्या. ज्या अर्ध्याला डोळे असतात तोच घ्यावा. त्यातला मऊ डोळा टोकरला की जादा पाणी निथळायला भोक तयार. त्यात काळी माती घालून भिजवलेली ज्वारी पेरली. रोज सकाळी पोरांनी पाणी शिंपडायचे आणि खराट्याचा एक हीर कोंबाशेजारी धरायचा. कोंबाएवढा हीर ताईंनी मोडून द्यायचा आणि तो कागदावर ओळीने चिकटवायचा. पहिले दोन दिवस वर काहीच आले नाही. पोरं हिरमुसली. ताई म्हणाल्या, "काही नाही, तर जागा मोकळी सोडा." म्हणून कागदावर आधी दोन जागा मोकळ्या आहेत, मग नखाएवढा हीर, मग बोटाएवढा, आणि त्यापुढे चढतच गेले आहेत. आम्ही गणितात स्तंभालेख शिकतो तो हाच की! फक्त इथे तो पाच वर्षांच्या पोरांनी केला, आणि एकालाही आकडा लिहिता येत नव्हता.

दुसरी एक करवंटी आम्ही पाटीखाली अंधारात ठेवली होती. तिच्यातले कोंब उन्हातल्यांपेक्षा उंच निघाले, पण पिवळे. पोरं ओरडली, "पिवळा जिंकला!" मग ताईंनी दोन्हींवरून हात फिरवायला सांगितले. पिवळे कोंब लगेच आडवे झाले, हिरवे उभे राहिले. उजेड मिळाला नाही की रोप उजेड शोधत नुसते लांब वाढते, आणि पानातला हिरवा रंग तयार होत नाही. हे आम्ही त्यांना सांगितले नाही. करवंटी उन्हात ठेवली. ती हिरवी होऊ लागलेली त्यांनीच पाहिली आणि आम्हाला बोलवायला पळत आली.

शेंगांचा खेळही पोरांना लई आवडला. भुईमुगाच्या शेंगा टोपलीत घ्यायच्या. शेंग चाचपून आधी सांगायचे, आत एक दाणा, दोन का तीन? मग फोडायची आणि टरफले तीन ढिगांत टाकायची. शेवटी कोणता ढीग मोठा ते नुसते बघून सांगायचे, मग मोजून. आमच्याकडे दोनदाणी ढीग सगळ्यांत मोठा झाला.

इथे पालकांना एक सांगायचे आहे. अगदी लहान मुलांच्या हाती अख्खे दाणे देऊ नयेत. ते घशात अडकतात, नाकात जातात. त्यांना झेंडूची फुले, मक्याची कणसे अशा मोठ्या वस्तू निवडायला द्याव्यात. सीताफळाच्या काळ्याभोर बिया मोजायला छान दिसतात, पण आम्ही त्या घेतल्या नाहीत. ती बी विषारी असते, आणि तिचा भुगा डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते.

सूर्य हस्त नक्षत्रात गेला की आपल्याकडे हादगा बसतो. पुण्याकडे भोंडला म्हणतात, विदर्भात भुलाबाई. पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळा दिवस. (सातवीच्या मुलांनो, एकूण गाणी किती? बेरीज करत बसू नका. सोळा गुणिले सतरा भागिले दोन, म्हणजे 136.) बारक्यांना गाणी पाठ नसतात, पण खिरापत ओळखण्यात ती आमच्याही पुढे! झाकलेला डबा कानाशी हलवायचा. फुटाणे खडखडतात, कुरमुरे सळसळतात, ओल्या खोबऱ्याचा आवाजच येत नाही. मग वास घ्यायचा. ओळखता आले नाही तर कसा आवाज येतो ते बोलून दाखवायचे. माझा भाऊ घरी दहा शब्दही धड बोलत नाही. त्याने एका डब्याला "पाऊस वाजतोय" म्हटले. डब्यात साबुदाणा होता.

चंद्राचा खेळ मात्र पालकांनीच करायचा, कारण अंगणवाडी दुपारी सुटते. घट बसले की एक-दोन दिवसांनी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर दिसते. अष्टमीला अर्धा चंद्र डोक्याकडे येतो, आणि कोजागिरीला सूर्य मावळताना पूर्वेकडून पूर्ण चंद्र वर येतो. जेवताना भाकरी चावून आजचा चंद्र करायला सांगा. आणखी काही लागत नाही.

असले खेळ आम्हीच शोधून काढले असे कुणी समजू नये. ताराबाई मोडक यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी बालवाडीचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. महागड्या साधनांऐवजी त्या खडे, शिंपले, पाने, बिया वापरीत. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र चालवली. कारण तिथेही हीच अडचण होती. धाकट्याला सांभाळायचे म्हणून थोरली शाळेत येत नव्हती. सरकारी अंगणवाड्या सुरू झाल्या त्या 2 ऑक्टोबर 1975 पासून, म्हणजे त्याही सुगीच्याच दिवसांत.

आमच्या वर्गातल्या दोघीजणी गेल्या आठवड्यापासून पुन्हा शाळेत येत आहेत. तिसरीचा भाऊ अजून अंगणवाडीत थांबत नाही. त्याला माती फार आवडते असे ती सांगते, म्हणून सोमवारी त्याच्यासाठी नवी करवंटी ठेवली आहे. तिच्या आईला कुणी रानात भेटले तर निरोप द्यावा.

हिरांचा कागद अंगणवाडीच्या दारावर लावला आहे. जाता-येता बघा. कोणता हीर कितव्या दिवसाचा, ते आम्हाला विचारू नका, पोरांना विचारा.