पहिली स्लाइड त्यांच्या बिलाची

अगं, तुझा मेसेज वाचला. रविवारी सोसायटीच्या कमिटीसमोर सोलरचं प्रेझेंटेशन, सोबतीला साहेब नाहीत आणि हातात चौतीस स्लाइडी. पोटात गोळा येणारच. पण गच्चीवर उन्हात उभी राहून पॅनेल बसवून घेणारी तू, त्या खोलीतल्या कुणापेक्षाही तुला यातलं जास्त कळतं. मला खोट दिसली ती स्लाइडींमध्ये.

पहिल्या सहा स्लाइडींवर तुमच्या कंपनीचंच कौतुक आहे गं! स्थापना, व्हिजन, हसरे कर्मचारी... सगळं उचल आणि शेवटी टाक. खरं सांगू का, कमिटीला एकच धास्ती असते, उद्या खर्च वाढला तर सभेत सभासद आपल्याला फाडून खातील. म्हणून पहिल्या स्लाइडवर त्यांचंच कॉमन वीजबिल लाव. सेक्रेटरींकडून आजच मागून घे आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या युनिटांभोवती लाल गोल कर. दुसऱ्या स्लाइडवर त्यांच्याच गच्चीचा फोटो. शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास जाऊन काढ, म्हणजे पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते फोटोतच दिसेल. इंटरनेटवरची परदेशी छपरं नकोत. आपली टाकी, आपली दोरी, कुणाचे तरी वाळत घातलेले पापड दिसले की माणसं खुर्चीत पुढे सरकतात बघ.

मग हिशेब, तोही युनिटमध्ये. किलोवॅट म्हटलं की लोकांचे डोळे मिटायला लागतात, युनिट मात्र बिल भरणाऱ्या प्रत्येकाला कळतं. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. म्हणजे १० किलोवॅटला १,००० चौरस फूट आणि महिन्याला १,२०० च्या आसपास युनिट. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी, म्हणजे इथे १,८०,०००. पण ही रक्कम यंत्रणा सुरू झाल्यावर मिळते, तोवर पैसे सोसायटीलाच उभे करावे लागतात. हे तू होऊन सांग. पावसाळ्यात युनिट घटतात, तेही तूच सांग. खजिनदारांनी खोदून विचारल्यावर सांगितलंस तर लपवल्यासारखं वाटतं. आधीच सांगितलंस, तर तेच खजिनदार तुझ्या बाजूने बोलायला लागतात.

आता ती धडधड. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये यावरच अभ्यास प्रसिद्ध केला. बोलण्याआधी स्वतःला 'मला उत्साह आलाय' म्हणणारे लोक 'शांत हो' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं बोलले. मी तर पूर्वी जिन्यात उभी राहून रामरक्षा पुटपुटायची, आणि मग पहिलं वाक्यही त्याच वेगात बाहेर पडायचं! तू पहिली दोन वाक्यं तेवढी पाठ कर. अख्खं भाषण पाठ करू नकोस, मध्येच एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. पोळ्या लाटताना मोठ्याने बोलून बघ. घरचे हसतील, हसू देत.

आणि पडद्याकडे तोंड करून वाचत सुटू नकोस हं. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. हिशेब सांगून झाला की दाब. सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे वळतील, क्षणभर अवघडशील, आणि मग बघ, खरे प्रश्न तिथेच सुरू होतात.

एखादे काका विचारणारच, 'मॅडम, साहेब नाही आले?' चिडू नकोस. 'काका, हे काम माझ्याकडेच आहे, विचारा ना,' असं हसून म्हण आणि टाकीच्या सावलीवर ये. एखादं उत्तर येत नसेल तर गोलगोल बोलू नकोस. 'तपासून उद्या संध्याकाळपर्यंत कळवते,' म्हण, त्यांच्यादेखत वहीत लिही आणि खरंच कळव. या कळवण्यातच बहुतेक जण घसरतात.

शेवटी फुलांचा गुच्छ आणि 'थँक यू' अजिबात नको. तिथे एकच मागणी लिही: पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्याल का? हो-नाही काय ते ऐकल्याशिवाय लॅपटॉप मिटू नकोस. आज रात्री नव्या स्लाइडी मला पाठव, फोटोची जागा मोकळी असली तरी चालेल. आणि बारापेक्षा जास्त असतील तर मी उघडणारसुद्धा नाही, आधीच सांगते.