टक्के कशाचे? : उजनीच्या पाण्यावरून आकड्यांचा एक पाठ

आकडा पुढे आला की आपला वाद बहुधा थांबतो. “पेपरात आलंय, साठ टक्के!” असे पारावर कोणी म्हटले की बाकीचे गप्प बसतात. माणसाच्या बोलण्यावर आपण शंका घेतो, पण आकडा मोजूनमापून आलेला असणार, असे समजून त्यापुढे मान तुकवतो. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सांख्यिकी शिकताना मला असे दिसून आले की, वर्तमानपत्रातील पुष्कळ आकडे खरे असूनही अपुरे असतात. त्यांची उरलेली बाजू वाचणाऱ्यानेच शोधायची असते. ती कशी शोधावी, हे मी आपल्याच तालुक्यातील उदाहरणावरून मांडणार आहे.

उणे टक्क्यांचे कोडे

भीमा नदीवरील उजनी धरण आपल्या माढा तालुक्यात आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी उन्हाळ्यात “उजनी मायनसमध्ये” ही बातमी ठरलेलीच. २०२४ च्या उन्हाळ्यात तर साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. बाहेरगावच्या माणसाला हे कोडेच वाटेल. रिकाम्या हंड्यातून आणखी पाणी कसे निघेल?

कोड्याचे उत्तर धरणाच्या रचनेत आहे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७.२३ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. त्यापैकी तळाचा ६३.६६ टीएमसी हा मृत साठा आणि त्यावरचा ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. बातमीतील टक्केवारी फक्त या उपयुक्त साठ्याची असते. म्हणून बातमीत ‘शून्य टक्के’ छापून येते, त्या दिवशीही धरणात ६३.६६ टीएमसी पाणी असते. एकूण क्षमतेच्या निम्म्याहून जास्त! उणे ५० टक्के म्हणजे मृत साठ्यातून ५३.५७ च्या निम्मे, सुमारे २६.७९ टीएमसी पाणी कमी झाले आणि ३६.८७ टीएमसी उरले. पावसाळ्यात ‘१११ टक्के’ असे वाचनात येते, तेव्हा हाच हिशेब केला तर सुमारे १२३ टीएमसी पाणी निघते.

आता शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कोयना पाहू. तिची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी, पण मृत साठा जेमतेम ५ टीएमसीच्या आसपास. तेथे टक्का एकूण साठ्यावर काढा की उपयुक्त साठ्यावर, उत्तर थोडेच बदलते. उजनीत मात्र जमीनअस्मानाचा फरक पडतो. उपयुक्त साठा ५० टक्के असताना उजनीत सुमारे ९०.४५ टीएमसी पाणी असते, तर निम्म्या भरलेल्या कोयनेत साधारण ५२ ते ५५. दोन्ही धरणांपुढे ‘५० टक्के’ छापले म्हणून ती सारखी भरली असे होत नाही.

‘मृत’ हा शब्दही तपासून घ्यावा. ते पाणी कालव्याच्या सिंचनाच्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून डाव्या-उजव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला त्याचा भरवसा नसतो. करमाळा, इंदापूर भागात जलाशयाच्या काठावर मोटारी टाकून बसलेल्याला मात्र त्याच पाण्यावर पीक काढता येते. एकच आकडा एकाच्या दारी दुष्काळ आणि दुसऱ्याच्या दारी दिलासा घेऊन येतो. उसाची लागण करावी की ज्वारीवर भागवावे, हा निर्णय घरोघरी याच टक्क्यांवर होत असतो. तेव्हा “टक्के कशाचे?” हा प्रश्न आपल्याकडे पोटापाण्याचाच आहे.

वेग आणि साठा

दुसरी गफलत क्युसेकची. पावसाळ्यात “दौंडहून एक लाख क्युसेकने पाणी येत आहे” असे ऐकले की धरण रात्रीतून भरणार अशी बोलणी सुरू होतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हा प्रवाहाचा वेग झाला. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर एक लाख क्युसेकचा प्रवाह अखंड चोवीस तास चालल्यावर ८.६४ टीएमसी पाणी येते. प्रवाह सहा तासांत ओसरला तर जेमतेम दोन. किती वेगाने हे कळले की किती वेळ हेही विचारावे. त्यावाचून किती पाणी आले ते सांगता येत नाही.

मोजले कसे?

तिसरे उदाहरण पैसेवारीचे, जुन्या माणसांच्या भाषेत आणेवारीचे. पीक ५० पैशांहून कमी आले की गावात टंचाईची स्थिती मानण्याची पद्धत आहे. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतील ओल, पिकांची वाढ हेही पाहिले जाते. तरी पैसेवारीकडे गावाचे डोळे लागलेले असतातच. पण ४९ आणि ५१ यांतला फरक ठरतो कसा? गावातले सारे पीक कोणी तोलत नाही. निवडलेल्या शेतांत ठराविक मापाचा तुकडा आखून तेवढेच पीक कापून मोजतात आणि त्यावरून अंदाज बांधतात.

या पीक कापणी प्रयोगाला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे नाव मोठे आहे. त्यांनी दाखवून दिले की, आखलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पन्नाचा अंदाज वाजवीपेक्षा जास्त येतो. कारण सोपे आहे. रेषेवरचे ताट आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी अशी काठावरची ताटे प्रमाणाने जास्त. यात कोणाची लबाडी नसते, तरीही आकडा फुगतो. शेते कोणती निवडली, चिठ्ठी टाकून की रस्त्यालगतची सोयीची, यावरही निकाल बदलतो.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आकडा वाचताना चार प्रश्न विचारावेत. हा भाग कोणत्या एकूणाचा? कोणी मोजले आणि कसे? कोणत्या काळाचे? आणि ज्याच्याशी तुलना केली, ते त्याच मापाने मोजले आहे काय? यासाठी फार गणित लागत नाही. गुणाकार-भागाकार येणाऱ्याला पुरेसे आहे. कला शाखेचे म्हणून आपण आकड्यांपासून अंग चोरतो, हे मला पटत नाही. कवितेतील एखाद्या शब्दाचा अर्थ लावायला आपण तासभर घालवतो. त्यातली पाच मिनिटे उद्याच्या पेपरातील उजनीच्या आकड्याला द्यावीत आणि घरी वडीलधाऱ्यांना तो हिशेब उलगडून सांगावा, एवढीच माझी विनंती आहे.