कुत्र्याच्या पोटातील कृमी आणि माणसाच्या यकृतातील गाठ

गावात बकरे कापले जाते त्या जागी कुत्री आधीच जमलेली असतात. काळजात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या पांढुरक्या पिशव्या दिसल्या, तर तेवढा भाग कापून भिरकावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. गिऱ्हाइकाचे समाधान होते, कुत्र्याचेही पोट भरते. हायडॅटिड रोगाचा प्रवास मात्र तेथूनच सुरू होतो.

या पिशव्यांत एका फीतकृमीची असंख्य सूक्ष्म डोकी असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी बनतात. त्यांची लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर. असे हजारो कृमी पोटात असूनही कुत्रा धडधाकट दिसतो, अंगणात मुलांशी खेळतो. सुमारे दीड महिन्यानंतर त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती चाऱ्यावर, भाजीच्या वाफ्यात, पाण्यात मिसळतात. कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. शेळ्यामेंढ्यांच्या पोटात ती गेली की नव्या पिशव्या तयार होतात.

माणूस या चक्रात वाट चुकून शिरतो. कुत्र्याला कुरवाळलेल्या हाताने मुलाने भाकरी खाल्ली, एवढे निमित्त पुरते. अंड्यातील भ्रूण आतडे भेदून रक्तावाटे बहुधा यकृतात, कधी फुफ्फुसात पोहोचतो. तेथील गाठ इतकी सावकाश वाढते की, बालपणी जडलेला रोग पुष्कळदा ऐन कर्तेपणी ध्यानात येतो. गाठ फुटल्यास प्राणावर बेतू शकते. सोनोग्राफीत यकृतातील गाठ दिसते. अल्बेन्डाझोल हे औषध व गरजेनुसार शस्त्रक्रिया असे उपचार आहेत. पण ते दीर्घकाळ चालतात. रोग्यापासून इतरांना हा रोग होत नाही. मात्र कुत्रा सर्वांचाच असल्याने घरातील इतरांचीही तपासणी करणे इष्ट ठरते.

जेवणापूर्वी हात धुवावेत, कुत्र्याला तोंड चाटू देऊ नये, भाजी धुऊन घ्यावी, हे शाळेत शिकविले जाते व ते योग्यच आहे. परंतु चक्र तोडण्याची खरी जागा स्वयंपाकघरात नाही, ती कत्तलीच्या जागी आहे. आइसलँड या मेंढपाळांच्या देशात एकोणिसाव्या शतकात हा रोग घरोघर होता. १८६३ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राब्बे यांनी तेथे जाऊन त्याचा अभ्यास केला. पुढे लोकांना माहितीपुस्तिका वाटण्यात आली. १८९० च्या कायद्याने कुत्र्यांना जंतनाशक देणे आणि दूषित अवयव नष्ट करणे बंधनकारक झाले. विसाव्या शतकात त्या देशातून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. त्या काळी आजच्यासारखे प्रभावी औषधही नव्हते, हे विसरता कामा नये.

ग्रामपंचायतीला यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवडी बाजार व जत्रेच्या ठिकाणी कुत्र्यांना उकरता येणार नाही असा खोल, झाकणाचा खड्डा हवा. पिशव्या असलेले अवयव त्यात पुरावेत किंवा जाळावेत. कुत्र्याला काळीज घालायचेच असेल तर अर्धा तास उकळून घालावे. मेलेली मेंढी उघड्यावर टाकणे तितकेच घातक आहे.

पाळीव कुत्र्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राझिक्वान्टेल द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षातून किमान ४ मात्रांची शिफारस केली आहे. हे औषध कृमी मारते, अंडी मारत नाही. म्हणून नंतरचे दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा व त्याची विष्ठा जाळावी. दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे उतरणाऱ्या मेंढपाळांच्या कुत्र्यांना पहिली मात्रा निघण्यापूर्वीच मिळावी, कारण पुढे अनेक महिने त्यांचा मुक्काम एका जागी नसतो.